पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी म्हण मराठीत आहे. ती वापरली जाते मात्र मूल पाळण्यातून उतरून कितीतरी वर्षे लोटल्यावर. एखादा गवई मैफल जिंकतो, एखादी मुलगी गणितात नाव काढते, आणि मग वडीलधाऱ्यांना आठवू लागते, की हे लक्षण तिच्यात लहानपणापासूनच होते. ज्या वेळी ते पाय खरोखर पाळण्यात होते, त्या वेळी त्यांच्याकडे कोणी पाहिले होते काय, असे सहसा कोणी विचारत नाही. ज्यांचे पाय कोणालाच दिसले नाहीत, त्यांच्याविषयी तर या म्हणीला काही सांगायचेच नसते.

बेंगळुरू शहरात सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एका पित्याला आपल्या मुलीचे पाय अगदी वेळेवर दिसले. पुढे ‘मानवी संगणक’ म्हणून जगभर ओळखल्या गेलेल्या शकुंतलादेवी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२९ रोजी तेव्हाच्या बंगळूरमध्ये एका कन्नड कुटुंबात झाला. वडील सर्कशीत काम करीत. झुल्यावरच्या कसरती, तारेवरून चालणे, सिंहांना खेळवणे, जादूचे प्रयोग, असे सारे त्यांनी केले होते. मुलगी तीन वर्षांची असताना ते तिला पत्त्यांची एक जादू शिकवत होते. शिकवता शिकवता त्यांच्या ध्यानात आले, की या चिमुरडीला आकडे लक्षात ठेवण्याची काही विलक्षण शक्ती आहे.

ही गोष्ट चमत्कार म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यातील साधा भाग मात्र मागे पडतो. तो पिता शिक्षक नव्हता, मानसशास्त्र त्याने वाचलेले असण्याचा संभव नव्हता. पण तो मुलीबरोबर खेळत होता, आणि ज्या खेळात मुलगी रमली होती तो खेळ त्याला स्वतःला उत्तम येत होता. पत्त्यांच्या जादूत अवघड काय असते, हे जादूगाराला ठाऊक असते. म्हणूनच ती अवघड गोष्ट सहजपणे करणारे मूल त्याला ओळखता आले. हेच पत्ते एखाद्या घाईत असलेल्या, पत्त्यांना व्यसन मानणाऱ्या घरात त्या मुलीच्या हाती असते, तर ते काढून घेतले गेले असते आणि त्यांच्याबरोबर ती खूणही पुसली गेली असती.

पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. पित्याने सर्कस सोडली आणि मुलीला घेऊन तो गणनाचे जाहीर प्रयोग करू लागला. सहाव्या वर्षी तिने म्हैसूर विद्यापीठात आपले कौशल्य दाखवले. १९४४ साली ती वडिलांबरोबर लंडनला गेली. रीतसर शालेय शिक्षण तिला मिळाले नाही. १९७७ साली अमेरिकेतील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात तिने एका २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ ५० सेकंदांत सांगितले. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये १३ अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला, आणि या पराक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली. हे यश डोळे दिपवणारे आहे. तरीही सहा वर्षांच्या मुलीला व्यासपीठ मिळाले आणि शाळा मिळाली नाही, ही गोष्ट त्या झगमगाटात विसरली जाऊ नये. पित्याला सर्वस्वी दोष देणेही बरोबर होणार नाही. १९३५च्या सुमारास पोटापाण्याची विवंचना असलेल्या कसरतपटूने अशी मुलगी घेऊन कोणाचे दार ठोठवायचे होते? खेळ दाखवून चार पैसे मिळवणे हा त्याला माहीत असलेला एकच मार्ग होता. परंतु या कथेतून एक गोष्ट स्पष्ट होते. मुलातील असामान्य शक्ती ओळखणे आणि त्या मुलाचे हित ओळखणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणजे दुसरी साधतेच, असे नाही.

लोकांची समजूत अशी असते, की प्रज्ञा म्हणजे वेग आणि पाठांतर. मोठमोठे गुणाकार क्षणात करणारे, राजधान्यांची नावे धडाधडा सांगणारे, चौथ्या वर्षी श्लोक म्हणणारे मूल दिसले, की पाहुण्यांसमोर त्याला उभे केले जाते. शकुंतलादेवींच्या बाबतीत तरी खरी शक्ती या वेगात होती काय? १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी त्यांची पद्धतशीर तपासणी केली. ६,१६,२९,८७५ या संख्येचे घनमूळ ३९५ आणि १७,०८,५९,३७५ या संख्येचे सातवे मूळ १५, ही उत्तरे जेन्सन ते उदाहरण आपल्या वहीत उतरवून घेण्याआधीच त्यांनी दिली. पण दिवा लागताच बटण दाबणे यासारख्या अगदी साध्या चाचण्यांत त्यांचा वेग चारचौघांसारखाच निघाला. म्हणजे त्यांचा मेंदू सर्वच बाबतींत विजेसारखा चालत होता असे नव्हे. आकड्यांशी मात्र त्यांचा बाळपणापासूनचा घरोबा होता. मातृभाषेतील शब्द कानी पडताच जसा अर्थ उमगतो, व्याकरण आठवावे लागत नाही, तशी संख्या त्यांना उमगत असावी. हे लक्षात घेतले, तर मुलाकडे पाहताना विचारायचा प्रश्न बदलतो. ते किती लवकर उत्तर देते यापेक्षा, कोणी पाहत नसताना, कोणी सांगितले नसताना, ते पुन्हा पुन्हा कशाकडे वळते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

आणि असे वळणे नेहमीच कौतुकास्पद वाटते असे नाही. कित्येकदा ते उपद्रवासारखे दिसते. गदगमध्ये १९२२ साली जन्मलेल्या भीमसेन जोशी यांचे वडील शाळामास्तर होते. मुलगा रस्त्याने जाणाऱ्या वाजंत्र्यांच्या, भजनी मंडळ्यांच्या मागे चालू लागे आणि चालता चालता कुठेतरी दमून झोपी जाई. मग त्याला शोधायला पोलीस चौकी गाठावी लागे. शेवटी कंटाळून वडिलांनी त्याच्या सदऱ्यांवर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले, म्हणजे ज्याला सापडेल त्याने घरी आणून सोडावे. ही आठवण हसून सांगितली जाते आणि ती आहेही गमतीची. पण त्या सदऱ्यावर कोणाचा मुलगा ते लिहिले होते, मुलगा कशाच्या मागे जातो ते लिहिले नव्हते. तो पतंगामागे जात नव्हता, मिठाईच्या दुकानाशी रेंगाळत नव्हता, दर वेळी सुरांच्याच मागे जात होता. पुढे अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका कानी पडली, आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात तो घर सोडून निघून गेला. उत्तर हिंदुस्थानात वणवण केल्यानंतर वडिलांनी त्याला परत आणले आणि १९३६ साली घराजवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्वांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. शेवट गोड झाला म्हणून ही कथा सांगता येते. अकरा वर्षांचे मूल तिकिटावाचून आगगाडीत बसून निघते, तेव्हा तिचा शेवट दुसराही होऊ शकला असता.

घरात आणि वर्गात दिसणाऱ्या खुणा याहून लहान असतात. चांदोबा आपल्या बसबरोबर का येतो, असे बहुतेक मुले विचारतात. ‘तो फार लांब आहे म्हणून’ हे उत्तर ऐकून त्यांतली बहुतेक समाधानी होतात. एखादे मूल मात्र दुसऱ्या दिवशी विचारते, मग डोंगरही लांब आहे, तो का मागे राहतो? या दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. उत्तर ऐकल्यावरही प्रश्न मुलाच्या मनात जागा राहिला, रात्रभर त्याने तो बाळगला आणि त्याला एक नवे उदाहरण जोडून आणले. हुशार विद्यार्थी सांगितलेले गणित सांगितलेल्या रीतीने अचूक सोडवतो. प्रज्ञावान मूल पुष्कळदा ती रीतच बाजूला ठेवते. ९९ सत्ते करताना हातचे धरण्याऐवजी ते ७०० मधून ७ वजा करते, आणि ‘रीत दाखवली नाही’ म्हणून त्याचे गुण कापले जातात. खेळात जिंकण्यापेक्षा खेळाचे नियम बदलून पाहण्यात त्याला अधिक गंमत वाटते. दगड, तिकिटे, बसचे क्रमांक, पक्ष्यांची पिसे, काहीही असो, ते नुसते गोळा करत नाही, त्याची वर्गवारी लावते आणि ती मोडून पुन्हा लावते. समवयस्कांपेक्षा आजोबांशी, शेजारच्या घड्याळजीशी त्याचे अधिक जमते. दुसऱ्यावर झालेला अन्याय त्याला असह्य होतो आणि मृत्यूसारख्या विषयावर ते अवेळी, जेवणाच्या पानावर, प्रश्न विचारते.

यांतील कोणतीही एक खूण पुरेशी नाही. लवकर वाचू लागलेले प्रत्येक मूल असामान्य नसते आणि उशिरा बोलू लागलेले प्रत्येक मूल मंद नसते. शिवाय असे मूल सर्व बाजूंनी सारखे वाढलेले नसते, आणि येथेच शिक्षक फसतात. विचार बारा वर्षांच्या मुलाचा, अक्षर सहा वर्षांच्या मुलाचे आणि रुसवेफुगवे चार वर्षांच्या मुलाचे, असे तिहेरी वय एकाच देहात नांदत असते. त्या अक्षराकडे पाहून वहीवर लाल शेरा पडतो, रुसव्याकडे पाहून हट्टी म्हटले जाते, आणि विचाराकडे पाहायचे राहून जाते. श्रीनिवास रामानुजन यांनी कुंभकोणमच्या कॉलेजात मिळालेली शिष्यवृत्ती गमावली, ती गणित येत नव्हते म्हणून नव्हे. गणितापुढे इतर विषयांकडे त्यांचे लक्षच लागत नव्हते, आणि त्या विषयांत ते नापास झाले. वर्गातील शिक्षकाने चाळीस-पन्नास मुलांत एवढे बारकाईने पाहायचे कसे, ही अडचण खरी आहे. पण पालकाला चाळीस मुले नसतात.

भाषा हा आणखी एक पडदा आहे, आणि बेंगळुरूसारख्या शहरात तो फार जाड असतो. येथील एकाच गल्लीत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी ऐकू येतात. शहाजीराजांच्या काळापासून येथे वसलेल्या घरांत आजही निराळ्या वळणाची मराठी बोलली जाते. शाळा मात्र पुष्कळदा इंग्रजी माध्यमाची असते. उत्तर कर्नाटकातून बांधकामावर आलेल्या कुटुंबातील एखादी आठ वर्षांची मुलगी त्या वर्गात तोंड उघडत नाही. ‘समजत नाही’ असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकावर पडतो. संध्याकाळी तीच मुलगी मुकादमाचे हिंदी आईला कन्नडमध्ये सांगते, दुकानदाराचे तमिळ ऐकून हिशेबातील चूक दाखवते आणि धाकट्या भावाला खेळवता खेळवता तिन्ही भाषांची एक नवी गंमतीची भाषा तयार करते. तिची प्रज्ञा वस्तीला दिसते, शाळेला दिसत नाही. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यापूर्वीच बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीची मराठी आणि कन्नड रूपे सिद्ध केली, ती याच जाणिवेने. मुलाची बुद्धी त्याला न येणाऱ्या भाषेत मोजू नये, एवढी साधी गोष्ट ज्यांना त्या काळी कळली, त्यांचे काम आज फारसे कोणाला आठवत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

चाचण्यांविषयी दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, ती ज्या मुलांना शाळेत अधिक मदतीची गरज आहे ती शोधण्यासाठी. पहिला नंबर कोणाचा, हे ठरवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ पासून त्या चाचणीच्या सुधारलेल्या रूपावरून दीड हजारांहून अधिक बुद्धिमान मुले निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्यांतील अनेक जण पुढे नामांकित झाले. परंतु त्याच वेळी तपासली गेलेली आणि निवडीच्या रेषेखाली राहिलेली दोन मुले, विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ, यांना पुढे अनुक्रमे १९५६ आणि १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी कोणालाही ते मिळाले नाही. चाचणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तिच्या जाळ्याची भोके एका ठरावीक मापाची असतात, एवढेच. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ साली सुचवले, की सामान्यांहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, या तिन्हींचा जेथे संगम होतो तेथे प्रज्ञा शोधावी. यांतील तिसरी गोष्ट तासाभराच्या प्रश्नपत्रिकेत कशी दिसावी? ती दिसायला महिने लागतात, आणि पाहणारा माणूस जवळचा असावा लागतो.

तो माणूस आई-बाप किंवा गुरुजीच असला पाहिजे असेही नाही. बेंगळुरूतील एका मराठी कॉन्स्टेबलचा मुलगा, शिवाजीराव गायकवाड, शहराच्या बसगाड्यांवर वाहक होता. तिकिटे फाडण्याची त्याची ऐटबाज तऱ्हा, नाटकांतील त्याची कामे, हे सारे त्याच्या बसचा चालक राज बहादूर रोज पाहत होता. मद्रासच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत जा, असा आग्रह त्यानेच धरला आणि पैशाचीही मदत केली. हा वाहक म्हणजेच पुढचे रजनीकांत. त्या वेळी ते मूल राहिले नव्हते, विशी उलटून गेली होती. गुण ओळखायला उशीर होतो, पण वेळ अगदीच निघून जाते असे नाही. शाळा सुटलेल्या, मधेच कामाला लागलेल्या अनेकांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

गुण ओळखला गेल्यावर मुलाचे काय करायचे, याचे एक उत्तम उदाहरण बेळगावजवळच्या सुळेभावी गावचे आहे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ हा १९२४ साली जन्मलेला मुलगा, गाणे कोणी शिकवले नसताना, बड्या बड्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊ लागला. गळ्यातील हरकती, श्वासाच्या जागा, सारे जसेच्या तसे. लोक थक्क झाले, ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली, दहाव्या वर्षी तो व्यासपीठावर गाऊ लागला. शकुंतलादेवींची वाट आणि ही वाट येथपर्यंत एकच होती. पुढे ती फुटली. अकराव्या वर्षी वडिलांनी त्याला मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला पाठवले. ज्या मुलाच्या गाण्याला गावोगाव टाळ्या पडत होत्या, त्याला पुन्हा विद्यार्थी म्हणून बसवणे हे धाडस होते. देवधरांच्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, गाण्याची चर्चा होई, प्रश्न विचारता येत. नक्कल करणाऱ्या गळ्याला आपण काय गातो आणि ते तसे का, हा विचार तेथे मिळाला. पुढे कुमारांचे गाणे कोणाच्याच गाण्यासारखे राहिले नाही, यावर रसिकांत वादही झाले. त्या वादांचे मूळ त्या अकराव्या वर्षीच्या निर्णयात आहे. टाळ्या थांबल्या म्हणूनच स्वतःचे गाणे सुरू होऊ शकले.

आजच्या बेंगळुरूत टाळ्यांची सोय मुबलक आहे. गुणाकार शिकवणारे वर्ग आहेत, लहान वयातील विक्रमांची प्रशस्तिपत्रे देणारी पुस्तके आहेत, मुलाचा गुण जगाला दाखवायला प्रत्येक पालकाच्या खिशात कॅमेरा आहे. सरावाने आलेली चपळाई वाईट नसते, पण ती प्रज्ञेची खूण समजून पाच वर्षांच्या मुलावर अपेक्षांचे ओझे टाकले जाते. ‘तू हुशार आहेस’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकणारे मूल हळूहळू अवघड प्रश्न टाळू लागते, कारण चुकले तर हुशारी जाईल अशी त्याला भीती वाटते. मुलींच्या बाबतीत उलटच घडते. बारा-तेराव्या वर्षी मैत्रिणींत वेगळे पडू नये म्हणून त्या येत असलेले उत्तरही देत नाहीत, आणि घरच्यांना ते समंजसपणाचे लक्षण वाटते.

संस्थांनी या बाबतीत काही केले नाही असे म्हणता येणार नाही. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, ती बुद्धिमान मुलांना समाजाच्या कामाशी जोडण्याच्या हेतूने. ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी १९८५-८६ मध्ये नवोदय विद्यालये सुरू झाली, आणि पहिल्या दोनांपैकी एक अमरावतीला होते. बेंगळुरूत १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने गेल्या दीड दशकात प्रज्ञावान मुले ओळखण्याचा अभ्यास हाती घेतला आणि त्यात शिक्षक-पालकांच्या निरीक्षणांना स्थान दिले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अशा मुलांचा स्वतंत्र उल्लेख आहे. दुसरीकडे, १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा २०२१ नंतर थांबली आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडून चालवली जाणारी किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये बंद झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना त्या परीक्षांनी शिष्यवृत्तीच नव्हे, आपल्यासारखे आणखी कोणी आहे हा दिलासाही दिला होता. त्या जाण्याने झालेली हानी मोठी आहे. तथापि पाचव्या-सहाव्या वर्षीच्या मुलापर्यंत त्या कधीच पोहोचणार नव्हत्या. तेथे अजूनही पत्ते पिसणारा बाप, गोष्ट सांगणारी आजी, फळ्यापाशी थांबून ‘हे तुला कसे सुचले?’ असे विचारणारा शिक्षक, यांच्याखेरीज दुसरी यंत्रणा नाही.

अशा मुलासाठी फार खर्च करावा लागतो, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. त्याला पहिल्यांदा हवे असते ते खरे उत्तर. ‘ठाऊक नाही, शोधून पाहू’ हेही खरे उत्तरच आहे, आणि मूल ते आनंदाने स्वीकारते. त्याला हवे असते वाचनालय, मोडून पाहता येईल असे जुने घड्याळ, आपल्याहून अधिक जाणणारा एखादा माणूस आणि आपल्यासारखे वेडे असलेले एक-दोन सोबती. त्याचबरोबर मातीत खेळण्याची, हरण्याची आणि काहीच न करता बसून राहण्याची मोकळीकही त्याला लागते.

शकुंतलादेवी यांचे निधन २१ एप्रिल २०१३ रोजी बेंगळुरूतच झाले. शाळा न मिळालेल्या या बाईंनी आयुष्यात अनेक पुस्तके लिहिली. त्यांत मुलांमधील प्रतिभा जागी कशी करावी, यावर पालकांसाठी लिहिलेले एक पुस्तक आहे, आणि मुलांसाठी लिहिलेली कोड्यांची पुस्तके तर भारतभर खपली. ती कोडी सोडवायला व्यासपीठ लागत नाही आणि घड्याळ लावून बसणारा परीक्षकही लागत नाही. एक पेन्सिल आणि एक रिकामी दुपार पुरते.